घन्यातील म्हशी आणि माळावरची मेंढरे

१९८२ च्या नोव्हेंबर महिन्यात राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव घना या पाणथळ प्रदेशात गुरे चारण्यास पूर्ण बंदी करण्यात आली. त्याच वर्षी या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता. भोवतालच्या गावांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या म्हशी आणि गाई तेथे नेत होते. बंदीपूर्वी सुमारे अडीच हजार जनावरे तेथे चरत असत. या गावांशी विचारविनिमय झाला नाही, आणि चाऱ्याची पर्यायी सोय न करताच फाटक बंद झाले. लोकांनी विरोध केला तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे बळी गेले.

पोलिसांच्या गोळीबाराच्या घटना या देशाला नव्या नाहीत, आणि एवढ्यावरच प्रकरण संपले असते तर सरकारी दडपशाहीच्या लांबलचक यादीत आणखी एक नोंद करून ते मिटवता आले असते. परंतु घन्याची गोष्ट त्यानंतरच खऱ्या अर्थाने सुरू होते. ज्या पक्ष्यांसाठी माणसे मारली गेली त्या पक्ष्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारला की वन्यजीव संरक्षणाविषयीच्या अनेक पक्क्या समजुती डळमळू लागतात.

बंदीच्या समर्थकांचा युक्तिवाद सरळ होता. घना ही पक्ष्यांची जागा आहे. म्हैस ही माणसाची, म्हणजेच परकी. ती गवत खाते, पाणी गढूळ करते, घरट्यांना उपद्रव देते. तेव्हा तिला बाहेर काढावे, की निसर्ग आपल्या मूळ पदावर येईल. डॉ. सलीम अली यांच्यासारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञाचे वजनही या बाजूला होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर हे तळे आटवून तेथे शेती करावी अशी मागणी झाली होती, आणि ती मागे पडली यात सलीम अलींच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता. पण थोर माणसाचीही चूक चूकच असते. शिवाय ही चूक एकट्या व्यक्तीची नव्हती. एका संपूर्ण विचारपद्धतीची होती.

ती विचारपद्धती असे धरून चालते की, निसर्ग म्हणजे माणसाचा हात न लागलेली वस्तू. केवलादेव घन्याइतके या कल्पनेला खोटे पाडणारे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. तेथील सखल जमिनीत पाणी आले ते अठराव्या शतकात महाराजा सूरजमलने बांधलेल्या अजान बांधामुळे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी तेथे बंधारे घातले, पाट काढले, दारे बसवली. कशासाठी, तर बदकांची शिकार नीट व्हावी म्हणून. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारी मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. अशा शिकारींचे आकडे कोरलेले दगडी फलक उद्यानात आजही उभे आहेत आणि पर्यटक त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. व्हाइसरॉयच्या बंदुकीने निसर्गाची मूळ स्थिती बिघडली नव्हती. शेजारच्या गावातील म्हशीने मात्र ती बिघडत होती, असा याचा अर्थ होतो.

येथे शास्त्राचा एक मुद्दा समजून घेतला पाहिजे. एखाद्या प्रदेशातील सर्व प्राणी तेथे केवळ राहत नाहीत. काही प्राणी तो प्रदेश घडवतात. सुतार पक्षी आणि तांबट खोडात ढोली कोरतात, आणि स्वतःला ढोली कोरता न येणारे पोपट, साळुंक्या, पिंगळे त्या ढोलीत संसार थाटतात. वाळवी वारूळ उभारते आणि त्यात साप, घोरपडी आश्रय घेतात. हत्तीच्या पावलाच्या ठशात साचलेल्या पाण्यात बेडूक अंडी घालतात. उत्तर अमेरिकेतील बीव्हर हा मोठ्या घुशीएवढा दिसणारा, पण अंगाने कितीतरी मोठा प्राणी झाडे कुरतडून ओढ्यावर बांध घालतो. त्यामागे तळे होते, तळ्याभोवती दलदल होते, आणि त्या दलदलीवर मासे, बेडूक, बदके जगतात. कातड्यासाठी बीव्हर मारून संपवले गेले तिथले ओढे कोरडे पडले. अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९४८ साली तर ७६ बीव्हर पेट्यांत घालून विमानातून हवाई छत्रीने डोंगराळ भागात उतरवण्यात आले! सरकारी खात्यालाही क्वचित चांगली विक्षिप्त कल्पना सुचते, एवढेच यातून दिसते. १९९४ मध्ये क्लाइव्ह जोन्स, जॉन लॉटन आणि मोशे शाखाक या शास्त्रज्ञांनी अशा जीवांना ‘परिसराचे अभियंते’ असे नाव दिले. नाव नवे असले तरी काम पुरातन आहे.

या कामाचे महत्त्व असे की, तो एक प्राणी गेला तर केवळ एक प्राणी जात नाही. त्याने घडवलेल्या घरात राहणारे सगळेच बेघर होतात. म्हणून कोणता प्राणी दुर्मीळ आहे एवढेच पाहून संरक्षणाचे धोरण आखणे अपुरे आहे. दुर्मीळ प्राण्याचे घर कोण बांधतो, हे पाहावे लागते. आणि घर बांधणारा बहुधा दुर्मीळ नसतो, देखणा नसतो, टपालाच्या तिकिटावर त्याचे चित्र येत नाही. घन्यात घर बांधणारी होती म्हैस.

म्हैस पाण्यात उतरते. गाईला जे गवत काठावरून दिसते ते म्हैस छातीएवढ्या पाण्यात शिरून खाते. ती डुंबते तेव्हा चिखल ढवळला जातो, खड्डे पडतात, आणि पाणी ओसरल्यावर त्या खड्ड्यांत मासळी तग धरते. तिच्या नेहमीच्या वाटांनी गवताच्या गर्दीत मोकळ्या पाण्याचे पट्टे राहतात. तिच्या शेणावर कीटक पोसले जातात आणि कीटकांवर पक्षी. तिच्या पाठीवर आणि पायांशी बगळे असतात, हे तर कोणत्याही खेड्यातील पोराला ठाऊक आहे. गंगा-यमुनेच्या खोऱ्यातील दलदलींत एके काळी रानम्हशी, गेंडे, बारशिंगे यांचे कळप चरत होते. ते नाहीसे झाल्यावर त्यांचे काम गावच्या म्हशीने आपल्याकडे घेतले. ती घुसखोर नव्हती, वारस होती.

ही वारस बाहेर काढल्याबरोबर पास्पॅलम नावाच्या गवताने तळ्याचा ताबा घेतला. हे गवत पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे वाढते, त्याची मुळे व धुमारे एकमेकांत गुंततात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर जाड चटई तयार होते. त्या चटईखाली उजेड पोचत नाही, पाणवनस्पती गुदमरतात. न खाल्ले गेलेले गवत दरवर्षी कुजून तळाशी साचते आणि तळे हळूहळू उथळ होत जाते. मोकळ्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांना आणि हंसांना उतरायला जागा उरत नाही. जे पूर्वी अडीच हजार जनावरे फुकट आणि रोज करीत होती, ते काम पुढे गावकऱ्यांना परवाने देऊन गवत कापून नेण्यास सांगून उरकण्याची वेळ आली. ज्याच्या म्हशीला प्रवेश नाही, त्याच्या विळ्याला प्रवेश मिळाला! परंतु विळा काठाकाठाने चालतो. छातीएवढ्या पाण्यात तो उतरत नाही.

हे निष्कर्ष एखाद्या किसान सभेच्या ठरावातून आलेले नाहीत. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून आले. म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या आणि सलीम अलींचे नाव जिच्याशी कायमचे जोडले गेले आहे त्याच संस्थेच्या अभ्यासातून. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० अशी दहा वर्षे हा अभ्यास चालला. त्याची सुरुवात बंदीपूर्वी झाली होती, त्यामुळे बंदीआधीचे आणि नंतरचे घना समोरासमोर ठेवून पाहता आले. १९९१ मध्ये अहवाल आला. चराईबंदीमुळे पाणथळीची आणि पाणपक्ष्यांची हानी झाली असून या परिसंस्थेला म्हशींची गरज आहे, असे त्यात सांगितले होते. ज्या संस्थेचे वजन बंदीच्या पारड्यात पडले होते तिच्याच शास्त्रज्ञांनी पुरावा समोर आल्यावर उलट निष्कर्ष प्रसिद्ध केला, ही गोष्ट त्या शास्त्रज्ञांना आणि त्या संस्थेला भूषणावह आहे. आपली चूक इतक्या स्वच्छपणे कबूल करण्याचे धैर्य राजकीय पक्षांत फारसे आढळत नाही. डावे पक्षही त्याला अपवाद नाहीत.

मग म्हशी परत का आल्या नाहीत? कारण कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात चराईचे नियमन करता येते. राष्ट्रीय उद्यानात मात्र ती मुळीच चालत नाही. देशातील सगळी उद्याने एकाच साच्यात बसवणारा हा नियम. हिमालयातील कुरण, मध्य भारतातील सागवानी जंगल आणि राजस्थानातील मानवनिर्मित तळे यांत त्याला फरक दिसत नाही. शास्त्र दहा वर्षे तळ्याकाठी बसून शिकले. कायद्याला तळ्याकाठी बसण्याची सवय नाही. १९८५ साली घन्याला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला आणि मग तर तेथील कारभारात काही बदल करणे म्हणजे जगासमोर कमीपणा घेणे, असे अधिकाऱ्यांना वाटू लागले असल्यास नवल नाही.

घन्याची कीर्ती ज्या पक्ष्यामुळे झाली तो सायबेरियाचा पांढरा क्रौंच. हजारो मैल उडत येऊन हे पक्षी येथे हिवाळा काढीत. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली, त्यानंतर ते आलेले नाहीत. या ऱ्हासाचे खापर केवळ चराईबंदीवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे येताना त्यांची शिकार होत असे, आणि युद्धांनी तो मार्ग अधिकच धोक्याचा केला. पण उद्यानाला लागून असलेल्या आघापूरच्या लोकांचे याबाबतचे एक म्हणणे नोंदले गेले आहे, ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. क्रौंच लव्हाळ्याचे कंद उकरून खातात. पूर्वी गावकरी वाळ्याची मुळे खणून नेत, त्यामुळे जमीन भुसभुशीत राहत असे आणि पक्ष्यांच्या चोचीला कंद सहज लागत. खणणे बंद झाले आणि जमीन घट्ट झाली. या म्हणण्याची शहानिशा व्हायला हवी होती. पण ज्यांना कुंपणाबाहेर काढले त्यांच्याजवळ ज्ञान असू शकते, हेच मुळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

याच सुमारास युरोपात काय चालले होते पाहा. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ओस्टफार्डर्सप्लासन नावाची मोठी दलदल तयार झाली होती. ती वाढत्या झाडोऱ्याखाली जाऊ नये, पाणपक्ष्यांसाठी मोकळी राहावी, म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये गुरे आणि १९८४ मध्ये घोडे मुद्दाम आणून सोडले. भरतपुरात जनावरांसाठी फाटक बंद झाल्यानंतरच्या वर्षभरातच हॉलंडात त्यांच्यासाठी फाटक उघडले गेले. मात्र डच प्रयोगातही एक उणीव राहिली. जनावरे होती, गुराखी नव्हता. कळप वाढत गेले, त्यांना हलवणारे किंवा आवरणारे कोणी नव्हते, आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात उपासमारीने तीन हजारांहून अधिक हरणे, घोडे व गुरे मेली किंवा त्यांना गोळ्या घालाव्या लागल्या. लोकांनी कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत फेकल्या. जनावर परिसर घडवते हे खरे, पण पाळीव जनावराचे हे काम गुराख्याच्या काठीशिवाय पुरे होत नाही. कोणते रान केव्हा राखायचे, कोणते केव्हा मोकळे करायचे, हे काठी ठरवते.

चराई म्हटली की ती हितकारकच, असा येथे दावा नाही. डोंगरउतारावर बारमाही सोडलेली जनावरे जमीन उघडी पाडतात, रोपटी उगवू देत नाहीत, आणि त्याची किंमत खालच्या शिवारातील शेतकरी मोजतो. चराईच्या हक्काची घोषणा देताना ही जनावरे कोणाची, हेही विचारावे लागते. गावात पन्नास म्हशी असणारा दूधवाला आणि दोन शेळ्या असणारी भूमिहीन बाई यांना गावकरी या एकाच शब्दात गुंडाळणे सोयीचे असले तरी सत्य नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी या भेदाकडे अनेकदा काणाडोळा केला आहे, कारण बंदीविरुद्धच्या मोर्चात दोघेही येतात आणि दूधवाला जास्त माणसे आणतो. जनावरांची संख्या किती असावी, कोणाची असावी, कोणत्या महिन्यांत असावी, हे ठरवणे म्हणजेच व्यवस्थापन. आणि ते ठरवण्याच्या जागी कोण बसतो हा राजकीय प्रश्न आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न तळ्यात नाही, माळावर आहे. सोलापूर व नगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर धरले होते. त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठा आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि माळढोक म्हणजे आपल्या सात-बारावर बसलेले भूत, अशी भावना शेतकऱ्यांत निर्माण झाली. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. तोवर पक्षी राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला होता. एवढ्या मोठ्या अभयारण्यात माळढोकाला नेमके काय हवे याचा विचार मात्र तोकडा राहिला. त्याला हवा मोकळा माळ. आखूड-उंच गवताचे मिश्रण, दूरवर नजर पोचेल अशी भूमी. महसूल दफ्तरात या माळाची नोंद पडीक म्हणून आणि वनखात्याच्या दृष्टीने तो झाडांविना उजाड. तेव्हा त्यावर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावून हिरवाई वाढवण्यात आली. गवताळ भूमीतील पक्ष्याचे घर झाडे लावून मोडले, आणि ते वृक्षारोपणाच्या अहवालात यश म्हणून नोंदले गेले.

या माळावर शतकानुशतके मेंढरे चरत आली. धनगराचा वाडा पावसाळ्यात या कोरड्या मुलखात असतो आणि पुढे कोकणाकडे उतरतो. वाटेत शेतकरी त्याची मेंढरे शेतात बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतात. मेंढरे हलती असल्याने माळाला मधे विसावा मिळतो. एके ठिकाणी गवत खुडले जाते, दुसरीकडे वाढते, आणि चंडोल, धाविक, तणमोर, काळवीट यांना आपापल्या सोयीची जागा मिळते. माळावरचा लांडगा तर मेंढरांवरच जगतो. धनगर त्याला शिव्या देतो, कुत्री बाळगतो, आणि वर्षाकाठी काही मेंढरे जाणारच हे धरून चालतो. लांडग्याच्या संरक्षणाचा एवढा खर्च कोणतेही निसर्गप्रेमी मंडळ उचलत नाही. तोच धनगर राखीव क्षेत्राच्या कडेला दिसला की त्याच्या नावावर गुन्हा लागतो. आणि वीजप्रकल्पासाठी, कारखान्यासाठी, बंगल्यांसाठी माळ हवा असला की तो पडीकच असतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. अभयारण्यातूनही हे हक्क मनमानीने काढून घेता येत नाहीत. सहजीवन शक्यच नाही हे आधी सरकारने सिद्ध करायचे आहे. भरतपूरच्या गावांना १९८२ मध्ये हे संरक्षण नव्हते. पण महाराष्ट्रात धनगर समाजाची गणना अनुसूचित जमातींत होत नाही. त्यामुळे या कायद्याखाली हक्क मागताना त्याला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य आणि वनावरील अवलंबन दाखवावे लागते. जो वर्षातून कित्येक महिने वाटेवर असतो त्याने एका जागेच्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा! ग्रामसभेत दावे मांडले जातात त्या दिवशी त्याचा वाडा बहुधा घाटाखाली असतो. चराईच्या फीच्या जुन्या पावत्या, दंडाच्या नोंदी, वाटेवरच्या गावांतील म्हाताऱ्यांचे जबाब हे सारे पुरावा म्हणून उभे करता येते. परंतु ते दिवाळीनंतर मेंढरे हलण्यापूर्वी गोळा करावे लागते, आणि तालुक्याच्या कचेरीत बसून हे काम होत नाही.